हौदातला माणूस

धाकट्या मुलाला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. पाळणा एकच होता, म्हणून एकाला कपड्यांच्या टोपलीत निजवायचो. त्याच वर्षी थोरल्याच्या मुलीने लॅटिन शिकायचं काढलं. तिला पुढे जुना इतिहास शिकायचा होता, आणि त्याला ती भाषा लागते. शिकवणारं जवळपास कोणी नव्हतं. तेव्हा पुस्तक आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावरच तिचा अभ्यास सुरू झाला. रोमन लोक काय खात, कुठे आंघोळ करत, दिवा कसा लावत, असे सोपे करून लिहिलेले छोटे छोटे धडे होते.

मी स्वतः अठ्ठावन्नाव्या वर्षी मुळाक्षरं गिरवली. त्याआधी चाळीस वर्षं लाँड्रीत कपड्यांच्या कॉलरवर पक्क्या शाईने खुणा घातल्या. खुणा नातीच्या पुस्तकातल्याच रोमन लिपीतल्या, पण मला ती अक्षरं गिऱ्हाइकं म्हणूनच ठाऊक. नातीच्या पुस्तकातला पहिला शब्द पाहून मी म्हणालो, "हे हॉटेलवाले, हा वकील आणि ही सुईणबाई."

"आजोबा, हा स्वयंपाकी आहे," ती म्हणाली.

अकराव्या धड्यात लाँड्री निघाली. नातीने अर्थ सांगितला आणि माझ्या हातातला चहा तसाच निवला. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस हौदात उभा राहून पायांनी कपडे तुडवत होता. आमच्या हिने एकतीस वर्षं हेच केलं. ब्लँकेटं यंत्रात मावत नसत, ती हौदात घालून तुडवावी लागत.

ती आतल्या खोलीत पडून होती. डोळे गेले होते, आणि महिना काढला तर पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले होते. जाण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं पालुपद एकच. "गवंड्याची भिंत तरी राहते. आपण धुतलेलं आठवड्यात मळतं. आपला कुठे मागमूस आहे?"

धड्याचं सांगितलं तर तिने तोंड फिरवलं. "नात माझं मन राखायला काहीही रचेल. तुम्ही वाचा, मग मानीन. खोटं बोललात की तुम्हाला ठसका लागतो."

नऊ दिवस बसलो. नात एकेक शब्द समजावायची आणि मी चुकलो की पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. दहाव्या दिवशी पुस्तक घेऊन हिच्या उशाशी बसलो.

"फुल्लो वेस्तेम काल्कात," मी वाचलं. "फुल्लो म्हणजे कपडे धुणारा. कपडा तुडवतो आहे."

ती ठसक्याची वाट पाहत होती. तो आला नाही.

"पेदेस दोलेंत. पाय दुखतात."

"टाचा," ती म्हणाली. "टाचेपासून सुरू होतं. त्याला म्हणावं, तेल चोळत जा."

"अगं, त्याला मरून दोन हजार वर्षं झाली."

"मग आता दुखत नसतील." जरा वेळाने तिने विचारलं, "हात कुठे आहेत त्याचे?"

"हातांचं काही लिहिलेलं नाही."

"मोकळ्या हातांनी कोण तुडवेल? ओल्या कपड्यावर पाय सटकला की संपलं. कशावर तरी टेकलेले असणार. दोन्ही बाजूंना बघा."

धड्याखाली एका जुन्या भिंतीवरच्या चित्राची नक्कल होती. अक्षरांच्या नादात मी नऊ दिवस त्या चित्राकडे धड पाहिलंच नव्हतं. चष्मा पुसला. हौदाच्या दोन्ही अंगांना कमरेएवढ्या भिंती होत्या आणि त्या माणसाचे दोन्ही हात त्यांवर टेकलेले होते. नातीला हाक मारली. तिने पाहिलं आणि चित्रातल्या हातांवर बोट ठेवलं.

"भिंती आहेत," मी म्हणालो. "हात टेकलेत."

हिने पांघरुणातून हात काढले आणि गादीच्या दोन्ही कडांवर पालथे ठेवले. पांघरुणाखाली पाय हलले. आधी उजवा, मग डावा.

"परत वाचा," ती म्हणाली. "त्याच्या बोलीत."

मी वाचलं. त्यानंतर रोज वाचलं.

जुळ्यांपैकी टोपलीतल्याला पहिला दात आला, त्या आठवड्यात मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. तिचं वय बहात्तर होतं.