सुभद्रेच्या घरची आमसुलं

देवासच्या कचेरीतला कारकून नीलकंठ, चिंतामणी या मित्राबरोबर मालवणला निघाला, तेव्हा अक्का दारात आली. ही त्याची विधवा थोरली काकू. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं.

"मलाही ने रे. तिथून जवळच आचऱ्याला माझी धाकटी बहीण सुभद्रा आहे. लग्न होऊन इकडे आले ती पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही."

"बोट फार हलते, अक्का. तुला सोसायची नाही. मी भेटून येतो ना तिला."

खरं म्हणजे तिचं सोवळंओवळं त्याला वाटेत नको होतं.

मालवणात दोघं मनसोक्त भटकले. ओल्या काजूगरांची उसळ, सोलकढी, गरम घावन. बाजारात बायकोसाठी लाखेच्या रंगाची फणीपेटी घेतली. रात्री देवळापुढे दशावतार रंगला. आचऱ्याची होडी पहाटे सुटणार होती.

"भिया, असा खेल आपल्याकडे कुठे? बैठो ना!" चिंतामणी आपल्या माळवी बोलीत म्हणाला आणि नीलकंठ बसला. तिथंच त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा होडी केव्हाच गेली होती, अन् परतीची आगबोट धक्क्याबाहेर उभी होती. त्यानं घाईघाईनं बाजारातून आमसुलं घेतली.

घरी अक्कानं पुडकं उघडून वास घेतला. "सुभद्रेनं वाळवलेली ना? काय म्हणाली?"

"तुझी फार आठवण काढत होती," तो बोलून गेला.

अक्कानं आमसुलं देवापुढे ठेवली. मग शेजारीपाजारी चार-चार वाटली, "माझ्या बहिणीच्या घरची" म्हणून. आमटीत आमसूल दिसलं की नीलकंठ ते ताटाच्या कडेला सारी. दिवाळीपर्यंत त्यानं कसंबसं रेटलं. शेवटी एका दुपारी तिचे पाय धरून सगळं सांगून टाकलं.

अक्का रागावली नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे ती आहे की नाही, तेही तुला ठाऊक नाही?"

थंडी सरताच तो तिला घेऊन निघाला. बोटीत अक्काला काहीएक झालं नाही. आचऱ्याला अंगणात एक बाई सुपारी सोलत बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली, पण नजर भलतीकडेच लागली.

"सुभद्रे, मी अक्का."

सुभद्रेनं चाचपडत तिचं तोंड ओंजळीत घेतलं. "आता आलीस होय गं? गेल्या पावसाळ्यापर्यंत अंधुक दिसत होतं मला."

नीलकंठनं मनाशी महिने मोजले. त्या पावसाळ्याच्या आधी, गेल्या वर्षीच्या माघात, तो इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर दशावतार पाहत बसला होता.

डोळे पुसून अक्का म्हणाली, "हा नीलकंठ. यानंच आणलं गं मला."

"देव भलं करो रे बाळा," म्हणत सुभद्रेनं त्याच्यासाठी हात पुढे केला. तो हात धरायला नीलकंठला फार वेळ लागला.