टेंगे स्थिर आहे

'टेंगे स्थिर आहे. अवमूल्यनाला कोणताही आधार नाही. ठेवीदारांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.' टेंगे म्हणजे कझाकस्तानचे चलन; तिथल्या अल्माटी शहरातल्या एका खाजगी बँकेचे हे जानेवारीतले निवेदन. खाली मुख्य अर्थतज्ज्ञ बेकझान याची सही.

विद्यापीठात चलनाचा इतिहास शिकवणाऱ्या शोल्पानला या तीन वाक्यांची चिरफाड करायला एक पेला चहा पुरला असता. धडधाकट माणूस प्रकृती ठणठणीत असल्याचे दाखले वाटत फिरत नाही. तेलाचे भाव उतरले होते, शेजारचा रूबल गडगडत होता, आणि आधार नाही म्हणणाऱ्यांनी 'नाही' या शब्दाखेरीज दुसरा आधार दिला नव्हता. पण सही धाकट्या भावाची होती. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवले, शिकवले. तिची सारी विद्वत्ता त्या सहीपाशी गुडघे टेकून बसली.

तिने फोन केला. "खरं ना रे हे?"

"ताते, एवढी पुस्तकं वाचतेस आणि बाजारातल्या बायकांचं ऐकतेस?" थोरल्या बहिणीला 'ताते' म्हणणारा तो हसला.

त्याच आठवड्यात त्याची बायको मारझान आली. नात्यातल्या बायका दरमहा पैसे जमवत आणि पाळीपाळीने एकीला सगळी रक्कम मिळे. जानेवारीची पाळी शोल्पानची होती. ती रक्कम मिळाली की राहत्या भाड्याच्या दोन खोल्या ती विकत घेणार होती. मालकाला किंमत डॉलरमध्येच हवी होती.

"ताते, तुमची पाळी मला द्या, माझी फेब्रुवारीची तुम्ही घ्या. लेकीच्या पाठवणीची मेजवानी आलीय तोंडावर."

मेजवानीच्या नावाने मागितलेली पाळी कोणी नाकारत नाही. नाकारणारीच्या घरी पुढे कोणी जेवायला येत नाही. शिवाय टेंगे स्थिर असल्याचे छापून आले होते. शोल्पानने पाळी दिली.

फेब्रुवारीत एका सकाळी टेंगेचा भाव पाचव्या हिश्शाने पडला. तिची रक्कम हातात आली तेव्हा आकडा तोच होता. खोल्या मात्र आवाक्याबाहेर गेल्या होत्या. मालकाने दुसरे गिऱ्हाईक पाहिले. भाचीची पाठवणी शरद ऋतूपर्यंत लांबली. का, ते कोणी सांगितले नाही.

शोल्पान भावाकडे गेली. मारझानने चहा ओतला, काठोकाठ. पाहुण्याने बसावे असे वाटत असेल तर पेला अर्धाच भरायचा असतो. भरलेला पेला म्हणजे प्या आणि उठा. शोल्पानने त्याला हात लावला नाही.

"त्या पैशांचं काय केलंस गं?"

"आहेत की. पाठवणीसाठीच ठेवलेत."

"कशात ठेवलेस?"

मारझानने नवऱ्याकडे पाहिले.

"डॉलरमध्ये," बेकझान म्हणाला. "मीच घ्यायला सांगितले."

"म्हणजे पाळी मागायला तूच धाडलंस हिला. तुला ठाऊक होतं."

"बँकेत सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"आणि खाली सही केलीस ती?"

तो तळलेल्या बाऊर्साक पावाचा तुकडा तोडत राहिला. मग मंद विद्यार्थ्याला सोपी गोष्ट समजावावी तशा सुरात, जो सूर त्याने तिच्याकडूनच उचलला होता, तो म्हणाला,

"ताते, ते निवेदन लोकांसाठी होतं. घरात ज्यांना सांगायचं, त्यांना मी आधीच सांगितलं होतं."