योग्यतेनुसार क्रम लावा

सूड घ्यायचा तर वैऱ्याची पोरं बिघडवावी लागतात, असं लोकांना वाटतं. मी उलट केलं. मी त्याच्या मुलीला चांगलं वळण लावलं. जाणूनबुजून, तीन महिने, आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी पाच ते सात.

परदेशातल्या मेडिकलच्या प्रवेशाला हल्ली नुसते मार्क पुरत नाहीत. मुलांपुढे एक प्रसंग ठेवतात. सहकाऱ्याची चूक तुमच्या लक्षात आली, आता खालच्या पाच कृती सर्वांत योग्य ते सर्वांत अयोग्य अशा क्रमाने लावा. मग मुलाखतीत त्यावरच खोदून खोदून विचारतात. याची तयारी मी करून घेते. लाँड्रीच्या वर दोन खोल्या, अठरा खुर्च्या, एक फळा, एवढाच माझा क्लास. त्याआधी मी अकरा वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होते. नोकरी का सोडली असं मुलं विचारतात तेव्हा मी म्हणते, "गुडघे." गुडघे माझे ठणठणीत आहेत.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरनं एका पेशंटच्या कागदावर इंजेक्शनचा डोस एकाऐवजी दहा लिहिला. लिहिलं होतं तसं मी दिलं. तासाभरात माणूस गेला. कागद पुन्हा वाचला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मेट्रनकडे न जाता मी एकटीच त्याच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, चारचौघांत कशाला, माणसाला आधी खासगीत सांगावं. तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, सिस्टर. तुम्ही दोन घास खाऊन घ्या, मी बघतो." मी डबा उघडून बसले. परत येते तर कागद नवा, त्यावर डोस एक, आणि दहा देणारी मी. पेशंटच्या घरच्यांना सांगितलं, हृदय अचानक बंद पडलं. बोभाटा नको म्हणून मला गुपचूप घरी बसवलं. तो करून सवरून नामानिराळा राहिला. त्याला अहो-जाहो करायची सवय माझी तेव्हाच सुटली.

आणि या वर्षी क्लासला आलेल्या एका मुलीच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे त्याचं नाव. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

पहिल्या आठवड्यात वाटलं, हिला उलटेच क्रम शिकवावेत, प्रवेशच बुडवावा. पण त्यानं काय, दुसरा क्लास लावला असता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, "कागद मी बदलला." तेही अशा माणसासमोर, ज्याच्यापुढे मान खाली गेली की आयुष्यभर वर येत नाही.

पोरगी मुळातच चौकस. वर्गात सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. मी तिला आणखी धार लावली. गुळगुळीत उत्तर कसं ओळखायचं, अर्धवट उत्तर आलं की गप्प कसं बसायचं, समोरचा कंटाळून खरं बोलेपर्यंत. "मॅडम, तुम्ही माझ्यावर सगळ्यांपेक्षा जास्त मेहनत घेता," ती एकदा म्हणाली. मी म्हटलं, "तू आहेसच तशी." हे मात्र खरं होतं.

माझ्या क्लासची एक पद्धत आहे. मुलाखतींच्या आधीच्या रविवारी पालक उमेदवाराच्या खुर्चीत बसतात आणि मुलं त्यांची मुलाखत घेतात. एका घराला अर्धा तास. आईबापाची फे फे उडाली की मुलांची भीती पळते.

तो आला. केस पांढरे, बूट चकचकीत. "हिच्या तोंडी सारखं तुमचंच नाव असतं, मॅडम," म्हणाला आणि हसला. ओळख शून्य. ज्याच्या नावानं मी चौदा वर्षं दातओठ खाल्ले, त्याला माझं तोंडही आठवत नव्हतं! तिथल्या तिथे एक ठेवून द्यावीशी वाटली. मी पंखा लावला आणि प्रश्नाचा कागद मुलीच्या हातात दिला.

ती वाचत गेली. वरिष्ठ डॉक्टर, एकाऐवजी दहा, केबिनमध्ये एकटी आलेली सिस्टर. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आता ओळख पटली. चेहरा पांढराफटक पडला, पण आवाज घट्ट. घडाघडा क्रम लावला त्यानं. "आधी पेशंटच्या घरच्यांना खरं सांगायचं. मग वरिष्ठांना कळवायचं. मूळ कागद जपायचा. सिस्टरला आधार द्यायचा. सर्वांत अयोग्य, कागद बदलणं."

"पैकीच्या पैकी!" मुलीनं खूष होऊन खूण केली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! म्हणजे उत्तर याला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं.

"आता पुढचा प्रश्न," ती म्हणाली. "असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का?"

"नाही."

"मग नाही म्हणताना तुम्ही मॅडमकडे का पाहिलंत, बाबा?"

ती शिकवल्याप्रमाणे हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खाली इस्त्रीवाला कोणाशी तरी हुज्जत घालत होता.

"आला होता," तो म्हणाला. "कागद मी बदलला."

"आणि सिस्टर?"

"ह्या."

खोटं कशाला सांगू, मला गार गार वाटलं. "तू तीन वर्षांची होतीस गं," तो म्हणत होता, "नोकरी गेली असती तर..."

"वय विचारलं नाही मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, हा प्रश्न तुम्ही माझ्यासाठी काढलात की बाबांसाठी?"

"बाबांसाठी."

तिनं मान हलवली. डोळे भरले होते, पण पुसले नाहीत. "पेशंटच्या घरी कोण होतं?"

"बायको, दोन मुली," मी म्हटलं.

"त्यांना खरं कोणी सांगितलं?"

बाप जमिनीकडे बघत होता. माझ्या नोकरीसाठी मी अर्जावर अर्ज केले होते, माझ्या नावासाठी मोठ्या साहेबांच्या दारात बसले होते. त्या घरी कधी गेले नव्हते.

"इतक्या वर्षांनी ती माणसं कुठे सापडणार," तो पुटपुटला.

तेच वाक्य मीही बोलू शकले असते. पण त्या बाईचं शिवणाचं दुकान माझ्या रोजच्या वाटेवर आहे. माझे सगळे कपडे मी तिच्याकडूनच शिवून घेते, दया येते म्हणून. माप घेताना ती दर वेळी विचारते, "सिस्टर, तुम्ही होतात ना शेवटी ह्यांच्याजवळ? त्रास नाही ना झाला त्यांना? अचानकच ना?" आणि मी दर वेळी म्हणते, "हो, अचानकच."

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. बापाकडे पाहिलं होतं, अगदी तशीच.

मग तिनं पिशवी खांद्याला लावली. "दुकान रविवारी उघडं असतं?"

"असतं."

"चला मग," ती म्हणाली. "आधी कोण बोलणार ते तुम्ही दोघं रस्त्यात ठरवा."