मधला संथ भाग

नगराध्यक्षांनी हात सोडताच आल्ब्रेख्त लोरेन्झेनने तो टेबलाखाली नेऊन रुमालाने खसाखसा पुसला. ओला, लिबलिबीत हात. तोच हात छातीवरचं पदक सारखं करायला पुन्हा पुढे आला, तेव्हा त्याने श्वास रोखून धरला.

चाळीस वर्षं पियानोही वाजवला आणि वाद्यवृंदही चालवला, म्हणून ब्राउनश्वाइग शहराने त्याला दुपारची मेजवानी दिली होती. पुढ्यातल्या बशीत जेलीत थिजवलेले ईल माशाचे तुकडे थरथरत होते. शेजारी त्याची बायको हेडविग मान खाली घालून जेवत होती.

समीक्षक क्रुम्बीगल भाषणाला उठला. त्याच्या मिशीला लोणी लागलं होतं.

"लोरेन्झेनसाहेबांची त्रेपन्न सालची मोझार्टची ध्वनिमुद्रिका! तिचा मधला संथ भाग ऐकून मी ढसाढसा रडलोय, मंडळी. आतून एकटा पडलेला माणूसच असं वाजवू शकतो."

आल्ब्रेख्तने बशी दूर सारली. त्या ध्वनिमुद्रणाच्या आठवड्यात त्याचं बोट पिकून टम्म सुजलं होतं. पहिला आणि शेवटचा भाग तोवर वाजवून झाला होता, स्टुडिओ पुन्हा मिळणार नव्हता. मधला भाग हेडविगने वाजवला. तो नुसता समोर उभा राहून वाद्यवृंद चालवत होता. वेष्टनावर मात्र नाव त्याचं एकट्याचं आलं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू, असं तो तिला म्हणाला होता. त्यानंतर नऊ आवृत्त्या निघाल्या.

तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"तो भाग मी वाजवलेलाच नाही. माझ्या बायकोने वाजवलाय."

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग कुणीतरी हसलं आणि बघता बघता सगळं दालन हसून टाळ्या पिटू लागलं.

"वा! याला म्हणतात नवरा!" नगराध्यक्ष ओरडले. "नाहीतर आम्ही. बायकोला साधी फुलं न्यायचंही विसरतो!"

"खरं सांगतोय मी."

"खरंच तर आहे," क्रुम्बीगल डोळे पुसत म्हणाला. "त्या सुरांमागे बाईसाहेबांचीच तर पुण्याई. आता ऐकवाच साहेब, चार ओळी तरी."

कोपऱ्यातल्या पियानोचं झाकण कुणीतरी उघडलंसुद्धा. आल्ब्रेख्त हेडविगकडे वळला.

"तू वाजव. म्हणजे कळेल यांना."

तिने काटा खाली ठेवला आणि दोन्ही हात पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरले. संधिवाताने बोटं मुळांसारखी वाकडी झाली होती.

"या बोटांनी?" ती हळूच म्हणाली.

मग तोच जाऊन बसला. वाजवता वाजवता त्याला ऐकू येऊ लागलं. दुसऱ्या ओळीआधीचा तो थांबा, डाव्या हाताचं ते किंचित मागे रेंगाळणं, सगळं तिचं होतं. ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून त्याने ते उचललं होतं आणि अठरा वर्षं गावोगावी स्वतःचं म्हणून वाजवलं होतं. समोर क्रुम्बीगल पुन्हा रडत होता. आल्ब्रेख्तला स्वतःच्याच बोटांची किळस आली. तरी ती थांबली नाहीत, आणि सवयीने उत्तम वाजवत राहिली.

टाळ्या सरल्यावर दोघं कोट घ्यायला बाहेर आली.

"मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"विश्वास नाही ठेवला, त्याला मी काय करू?"

हेडविग कोटाचं बटण लावायला धडपडत होती. तो मदतीला पुढे झाला. तिने त्याचा हात बाजूला केला, भिंतीला पाठ टेकली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयत्न सुरू केला. बटण काजात गेल्यावरच तिने वर पाहिलं.

"शेवटच्या ओळीत तू घाई करतोस, आल्ब्रेख्त," ती म्हणाली. "तेवढंच तुझं आहे."