आतल्या बाजूची गाठ

चाळीस वर्षं मी देवळाच्या घोड्यांचे लगाम धरून उभा राहिलो. यंदा पहिल्यांदाच पाहुणा म्हणून बाकावर बसलो, छातीला कागदी फूल लावून. बायकोनं बांधून दिलेला भाताचा गोळा खात होतो, तेवढ्यात उशिओ घोडी दुसरी दौड करून परतली आणि मी घास खाली ठेवला. पुढचा डावा पाय ती जमिनीला जेमतेम टेकवत होती.

दोन दौडींत निशाणाच्या सहा फळ्या, सहाही तिच्यावरच्या स्वाराच्या, तोगावाच्या बाणांनी फुटलेल्या. लोक शुभ म्हणून फळ्यांच्या ढलप्यांवर तुटून पडले होते. शेजारची बाई फोटो काढत म्हणाली, "काय देखणी घोडी आहे नाही!" मला शिसारी आली. वर सगळी जर आणि लाल गोंडे, आणि खाली तो पाय. दोर ओलांडून मी तडक घोडीपाशी गेलो.

"कानोको, डोळे फुटले का गं तुझे? घोडी लंगडतेय!"

कानोको माझ्याच हाताखाली तयार झालेली, आता माझ्या जागी. तिनं मान वर केली नाही. "माहितीय, गुरुजी. पण तिसरी दौड झाल्याशिवाय विधी पुरा होत नाही. अध्यक्ष म्हणाले, एवढी एकच."

उत्सवाचे अध्यक्ष हिराबायाशी लगबगीनं आले. "मुराकोशी, तुम्ही आता पाहुणे. बाकावर बसा, चहा घ्या. देवाचं काम आहे हे."

"देवानं लंगडी घोडी मागितली होती का?"

मी वाकून पाहिलं. पाय बर्फानं बधिर केलेला, वर करकचून पांढरी पट्टी आणि गाठ आतल्या बाजूला, बाकांवरून दिसू नये म्हणून.

"ही घाण कुणी शिकवली तुला?"

"तुम्हीच," ती म्हणाली. आवाजात टोमणासुद्धा नव्हता. "मिनामोच्या वेळी. बर्फाची बादली मीच धरली होती, गुरुजी."

एकोणीस वर्षांपूर्वी मिनामो घोडीच्या पायाला मी हीच गाठ मारली होती. तिसरी दौड पुरी झाली, मला मानाचा पंखा मिळाला. मिनामो मात्र आठवड्यात गेली.

तिसऱ्या दौडीचा नगारा वाजला. मी गाठीला हात घातला. हिराबायाशींनी माझी बाही ओढली, "अहो, लोक काय म्हणतील!" म्हणाले. मी सोडतच राहिलो. पट्टी उतरली आणि भोपळ्यासारखा सुजलेला पाय पुढच्या रांगेनं पाहिला. तोगावानंही पाहिला. तो घोडीवरून खाली उतरला आणि धनुष्य हिराबायाशींच्या हातात ठेवून चालता झाला.

कानोको घोडीची मान चोळत होती. "गुरुजी, मिनामो पोटशूळानं गेली ना? तुम्ही तसंच सांगितलं होतं."

हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हणालो. "त्या दौडीत तिचा पाय मोडला होता. शेवटी मीच तिला मारायला लावलं."

कानोकोनं माझ्या हातातली ओली पट्टी हिसकून घेतली आणि घोडीच्या पलीकडे जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.