रस्त्याकडचं दार

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कळंबकडच्या एका गावातली बौद्धवाडी जळाली, आणि मुंबईची एक संस्था घरं बांधायचं शिबिर घेऊन आली. संस्थेच्या नाडकर्णीबाईंनी आल्या आल्या चुन्याची फक्की वाटली. म्हणाल्या, "घर तुमचं, आखणी तुमची. बांधायचं मात्र सगळ्यांचं सगळ्यांनी मिळून."

वाडीतल्या चंद्रभागेला एवढंच हवं होतं. तिनं फक्कीनं भिंती आखल्या आणि दार ठेवलं रस्त्याकडे. वाडीत आजवर असं धाडस कुणी केलं नव्हतं. दारं कायम ओढ्याकडे; सकाळी देवळात जाणाऱ्यांना वाडीची तोंडं दिसू नयेत म्हणून गावानं लावलेली रीत. तिचं बघून बाकीच्यांनीही दारं फिरवली.

दुपारी पोलीसपाटील आबाजी आला. "दारं व्हती तिकडंच ऱ्हाऊ द्या. नायतर दगड आणायला गावच्या गाड्या मिळायच्या नायत."

नाडकर्णीबाईंची पंचाईत झाली. "ओढ्याकडून वाराही चांगला येतो," त्या चाचरत म्हणाल्या.

चंद्रभागेच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, आखणी आमची म्हणालात ना तुमी?"

तेवढ्यात तिचा सासरा कोंडीराम उठला आणि त्यानं पायानं दाराची खूण पुसली. "पोरी, डोक्यावर छप्पर येऊ दे. दाराचं काय घिऊन बसलीस?" जन्मभर मान खाली घालून जगलेला माणूस. तिला त्याचा राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. तिनं खूण पुन्हा आखली.

गाड्या आल्या नाहीत. बायका ओढ्यातला दगड डोक्यावरून आणू लागल्या. पण भिंती उठेपर्यंत थांबायला चंद्रभागेला धीर कुठला? शिबिरात सगळ्यांनी मिळून केलेली पहिली सागाची चौकट तिनं रस्त्याकडे उभी करवली, टेकू लावले, उंबऱ्यापाशी मेणबत्ती पेटवली. आणि बजावलं, घरात यायचं तर दारातनंच. भिंत नाही, छप्पर नाही, तरी दगड आणणारी प्रत्येक बाई वळसा घालून चौकटीतनं आत येऊ लागली. नाडकर्णीबाईही तशाच आल्या.

दुसऱ्या सकाळी देवळाकडे निघालेला आबाजी थबकला. "ह्ये काय नाटक?"

"घर हाय," चंद्रभागा म्हणाली. "या की पाटील. दार उघडंच हाय."

आबाजी तरातरा निघून गेला. कोंडीराम ओढ्याकडून येत होता. सरळ आत शिरायला रान मोकळं होतं, पण तो फिरून रस्त्यावर आला, जपून उंबरा ओलांडला, आणि मग माघारी वळून रस्त्याकडे तोंड करून उंबऱ्यावरच बसला. देवळाची माणसं समोरून जात होती. तो एकेकाकडे बघत राहिला.

"चंद्रभागे," तो म्हणाला, "च्या हितंच आण गं."