पिवळा स्वेटर

काचघरात पिवळं घालून यायचं नाही, हा वन्संचा नियम. पांढऱ्या माशीला पिवळा रंग दिसला की ती न बोलावता येते, आणि येताना पानं आकसवणारा रोग घेऊन येते. गेल्या वर्षी तिने वन्संच्या वडिलांनी जपलेल्या वाणाचे सगळे टोमॅटो झोपवले. उरल्यासुरल्या बियांतून रुजली ती बारा रोपं. हे वाण दुसऱ्या कुणाकडे नव्हतं, म्हणून वन्सं डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण करायच्या.

"झाडांच्या आवडीनिवडी बघून कपडे घालायचे, अजबच घर आहे," असं त्यांची धाकटी भावजय म्हणायची.

त्या सकाळी गारठा होता. दूरदेशीच्या लेकीने पाठवलेला स्वेटर धाकटीने कौतुकाने अंगात चढवला, अंगणातल्या जास्वंदीला पाणी घातलं आणि तशीच काचघरात शिरली. बाराही रोपं काठ्यांना बांधून झाली, तेव्हा कुठे तिला बाहीवरचे पांढरे ठिपके दिसले. तिने हात झटकला, तर ठिपके उडाले.

रोग दिसायला पंधरा दिवस तरी लागतात. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? तेवढ्यात वन्सं आत आल्या.

"वन्सं, चुकले मी. जास्वंदीवर ही माशी असतेच, तिथूनच आले, हे घालून."

वन्संनी बाहीकडे पाहिलं, मग एकेका रोपाकडे. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. ती घाईघाईने स्वेटर काढू लागली.

"काढू नकोस. रोपांच्या मधे बस." वन्संनी एरंडेलाची बाटली आणून नव्याकोऱ्या लोकरीवर तेल थापलं. "माश्या पिवळ्यावरच येतील आणि चिकटतील. हलू नकोस."

दुपारपर्यंत चौदा चिकटल्या. उडाल्या किती होत्या, देव जाणे. मधेच लेकीचा फोन आला. वन्संनी तो तिच्या कानाला धरला.

"आई, स्वेटर आवडला का गं?"

"सकाळपासून अंगातून काढलाच नाही," धाकटी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

वन्संनी भिंग तिच्यापुढे धरलं. "रोपं तूच बघ. माझा धीर होत नाही."

अकरा रोपं स्वच्छ निघाली. बाराव्याच्या पानामागे एक माशी निवांत बसली होती. धाकटीने विचारलं नाही. रोपावर पिशवी ओढून ते मुळासकट उपटलं.

"अकरा," वन्सं म्हणाल्या. "आता पहिल्यापासून पुन्हा बघ."